8 बाय 42 : एका टिकलीचा हिशेब

माझा भाचा कोलोरॅडोला असतो आणि दर ऑक्टोबरात शिकारीला जातो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरात हे वाक्य कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, 'तो डोंगरात जातो' एवढंच सांगते आणि लगेच कुणाला चहा हवाय का ते विचारते. गेल्या वर्षी ऐन श्रावणात त्याचा फोन आला. "मावशी, तू एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलंस ना? मग सांग, शिकारीला दुर्बीण 8 बाय 42 घेऊ की 10 बाय 42?" सोमवार होता, उपास होता, आणि हा शिकारीचं विचारतोय. पण प्रश्न प्रकाशाचा होता. साबुदाण्याची खिचडी गार होईपर्यंत मी त्याला उत्तर देत बसले.

मलाही दुर्बीण घ्यायचीच होती. रिटायर झाल्यापासून आम्ही चौघीजणी हिवाळ्यात चंबळला नाहीतर तिघऱ्याच्या धरणावर पक्षी बघायला जातो, आणि दर वेळी दुसऱ्याच्या गळ्यातली दुर्बीण मागून घ्यायची मला लाज वाटायला लागली होती. तेव्हा हा रिव्ह्यू तसा चार दुर्बिणींचा आहे : आजोबांची, बाड्यावरून, म्हणजे आमच्या मुख्य बाजारातून, आणलेली, भाच्याची आणि माझी. कंपन्यांची नावं लिहिणार नाही. मॉडेलं दोन वर्षांत बदलतात, दुर्बिणीवर कोरलेल्या दोन आकड्यांचा अर्थ बदलत नाही : पहिला, किती पट मोठं दिसतं; दुसरा, पुढच्या भिंगाचा व्यास किती मिलिमीटर.

आधी आजोबांची. ती 6 बाय 30 आहे, दुसऱ्या महायुद्धातली, ब्रिटिश लष्कराची, पितळेवर काळा रंग आणि सरकारी मालाची ती बाणाची खूण. युद्ध संपल्यावर लष्कराच्या डिस्पोजलमध्ये घेतलेली. मध्ये फिरवायचं चाक नाही. दोन्ही डोळ्यांचं फोकस वेगवेगळं, एकेक भिंग पिळून करायचं. लहानपणी आम्ही सगळ्यांना सांगत असू की आजोबा संस्थानात शिकारी होते. खरं म्हणजे ते कारकून होते. हाक्याला आणलेल्या माणसांची मजुरी वाटायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. वाघ पडला की नाही यापेक्षा किती माणसं हाक्याला आली आणि किती संध्याकाळी पैसे घ्यायला आली, हे जुळणं त्यांना महत्त्वाचं. शिवपुरीच्या जंगलात 1911 साली पंचम जॉर्जसाठी बांधलेला जॉर्ज कॅसल आजही उभा आहे, तिथे आम्ही सहलीला गेलो की आजोबा इमारतीकडे पाठ करून याच दुर्बिणीतून तळ्यावरचे पक्षी बघत बसायचे. बंदूक त्यांनी कधी हातात घेतली की नाही, देव जाणे.

आता तिच्यात बुरशी आहे. कातड्याच्या पेटीत चाळीस पावसाळे राहिली, आणि कातडं ओल धरून ठेवतं. डाव्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली आहे. तरी सांगते, उजव्या डोळ्यानं पाहिलं तर चित्र अजून सुरेख, शांत येतं. सहाच पट मोठं, पण हलत नाही. ही गोष्ट माझ्या डोक्यात राहिली असती तर पुढचे अडीच हजार वाचले असते.

ते अडीच हजार गेले बाड्याजवळ. दुकानाचं नाव विचारू नका. पाहुण्यांना किल्ला दाखवायचा होता, घाईत होते, आणि दुकानदार म्हणाला, "मैडमजी, बीस गुना है, किले पे चींटी दिखेगी." 20 बाय 50 लिहिलेली दुर्बीण, पुढची भिंगं माणकासारखी लालभडक. लाल दिसतंय म्हणजे लाल प्रकाश परत फेकला जातोय, आत जाणारं चित्र हिरवट होणार, हे अकरावीच्या मुलींना मी शिकवलं आहे. तरी घेतली. मास्तरणीलाही मोह असतोच.

घरी येऊन गच्चीवर गेले तर एका किल्ल्याचे दोन किल्ले. डोळे ताणले की ते एकमेकांवर सरकत, सोडले की पुन्हा वेगळे. दोन नळ्या एका दिशेला बघत नव्हत्या. दोन मिनिटांत कपाळाच्या मधोमध कळ आली. दुसऱ्या दिवशी परत करायला गेले, तर पक्कं बिल नव्हतं आणि 'आँखें कमज़ोर होंगी' असं ऐकून घ्यावं लागलं.

मग मी चिडून एक प्रयोग केला, तो इथे नीट सांगते, कारण तो कुणालाही करता येईल. दुर्बीण स्टँडवर किंवा उशांवर ठेवून तोंड उजेड्या आभाळाकडे करा, सूर्याकडे मुळीच नको. डोळा लावायच्या बाजूला ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरा आणि हळूहळू पुढेमागे करा. कागदावर प्रकाशाचा गोल ठिपका पडतो, आणि एका ठरावीक अंतरावर तो एकदम रेखीव होतो. याला मी टिकली म्हणते. पट्टीनं टिकलीचा व्यास मोजा. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, इतका तो यायला हवा. म्हणजे 8 बाय 42 ला 42 भागिले 8, सव्वापाच मिलिमीटर. 10 बाय 42 ला 4.2. माझ्या 20 बाय 50 ला अडीच यायला हवा होता. आला दीड. वीस गुणिले दीड, तीस; कामाचं भिंग तेवढंच. म्हणजे समोर पन्नास मिलिमीटरची लाल भिंगं मिरवत होती आणि आत कुठेतरी बसवलेल्या कड्यानं वीस मिलिमीटर प्रकाश अडवून ठेवला होता. चूक उघडी पडू नये म्हणून भिंगाच्या कडा झाकायच्या, ही जुनी युक्ती आहे.

त्याच प्रयोगात दुसरी गोष्टही मोफत कळते. टिकली जिथे रेखीव झाली ते भिंगापासूनचं अंतर मोजा. डोळा तिथे असायला हवा. चष्मा असेल तर हे अंतर पंधरा-सोळा मिलिमीटर तरी हवंच, नाहीतर चष्म्याची काच आधी टेकते आणि तुम्हाला किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं मधलं तेवढंच दिसतं. बाड्यावरच्या दुर्बिणीत हे अंतर नऊ होतं. मला चष्मा सहावीपासून आहे.

हे सगळं भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "ठीक आहे, पण मला काय घ्यायचं ते सांग." मग मी त्याला विचारलं, तुला नक्की काय बघायचंय? इथे मला शिकारीतलं जे कळलं ते मला अजिबात ठाऊक नव्हतं. माझी समजूत अशी की बंदुकीला दुर्बीण असतेच, मग वेगळी कशाला? तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, मावशी, बंदुकीवरच्या दुर्बिणीतून बघायचं म्हणजे जे बघायचं त्याच्यावर नळी रोखायची. झुडपात हललं ते हरीण आहे की दुसरा शिकारी, हे ओळखण्यासाठी नळी रोखणं हा तिथे अक्षम्य गुन्हा समजतात. म्हणून गळ्यात वेगळी दुर्बीण. रायफलच्या हंगामात कोलोरॅडोत अंगावर आणि डोक्यावर मिळून पाचशे चौरस इंच भडक केशरी किंवा भडक गुलाबी कापड घालावंच लागतं, तेही एवढ्याचसाठी. गुलाबी चालतं हे ऐकून बहिणीला पहिल्यांदाच या विषयात थोडा रस वाटला.

तो ज्याच्या मागे असतो ते एल्क, आपल्या सांबराचं तिकडचं दांडगं भावंड. परवाना नराचा असेल तर नर आहे एवढं कळून भागत नाही. बऱ्याच भागांत नियम असा की एका शिंगाला किमान चार टोकं हवीत, किंवा कपाळालगतचा फाटा पाच इंचांचा तरी हवा. ही टोकं समोरच्या डोंगरउतारावर, झाडांच्या सावलीत मोजायची. आणि वेळ? सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढीच कायद्यानं मुभा. जनावरं बाहेर येतात ती नेमकी त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत. म्हणजे दुर्बिणीची खरी परीक्षा दिवेलागणीला.

दिवेलागणीला टिकली मोठी हवी. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. माझ्या वयाला, म्हणजे त्रेसष्टीला, पाचाच्या आसपास थांबते. त्यामुळे 7 बाय 50 ची सात मिलिमीटरची टिकली माझ्या डोळ्याला अर्धी वाया. बाहेरचा प्रकाश बुबुळावरच सांडणार. 8 बाय 42 ची सव्वापाच मला बेतून शिवल्यासारखी. क्षेत्रफळानं ती 10 बाय 42 च्या टिकलीच्या दीडपटीहून थोडी मोठी भरते, संध्याकाळी हा फरक जाणवतो. मग भाच्यालाही 8 च सांगायची होती का? मी आधी तेच सांगितलं. पण तो चालता चालता बघत नाही. ते लोक एका जागी तासन्‌तास बसतात, दुर्बीण तिपाईवर लावतात आणि समोरचा डोंगर तुकड्या-तुकड्यानं चाळतात, आई तांदूळ निवडायची तसे. तिपाई असली की हात थरथरण्याचा प्रश्न मिटतो, आणि शिंगाची टोकं मोजायला आठाऐवजी दहा पट कामाला येतात. त्यामुळे मी मत बदललं. त्याला 10 बाय 42 आणि पैसे उरले तर चांगली तिपाई. मला 8 बाय 42. एकच सल्ला दोघांना दिला असता तर एकजण नक्की फसला असता.

माझी दुर्बीण लष्करातल्याच एका जुन्या कॅमेऱ्याच्या दुकानातून घेतली. ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त होती. पण दुर्बीण न बघता घेणं म्हणजे जोडे न घालता घेणं. दुकानात 8 बाय 42 च्या तीन होत्या. मालकांनी मला काउंटरवर समोरच्या बोर्डाकडे बघा म्हटलं. मी म्हटलं, गच्ची आहे का? होती. त्यांचा मुलगा तिन्ही घेऊन वर आला, आणि पाऊण तास ऊन खात उभा राहिला. किल्ल्याची लांबच लांब कड समोर, आणि तिच्यावर तेली का मंदिर. ग्वाल्हेरात राहून दुर्बीण पारखायला याहून चांगली वस्तू नाही. उंच, आडव्या-उभ्या रेघांनी भरलेलं, कळसाच्या जागी तो पिंपासारखा लांबट माथा.

त्या माथ्याच्या आडव्या कडेवर फोकस केलं आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू चार बोटं मागे नेली. दोन गोल वेगळे दिसायला लागतात, दोन्हींत ती कड एकाच उंचीवर राहिली पाहिजे. पहिल्या दुर्बिणीत डावी कड जराशी खाली. बाद. दुसरीत कड जुळली, पण मंदिराच्या बाजूंना जांभळी-हिरवी किनार, नऊवारीला काठ असावा तशी, आणि हातभर लांब धरून पाहिलं तर टिकल्या गोल नव्हत्या, चारी बाजूंनी चेपलेल्या, जणू चौकोनच. आतल्या प्रिझमची काच हलक्या प्रतीची असली की टिकल्या अशा चेपतात. बॅक-4 म्हणून जी काच खोक्यावर लिहितात तिची टिकली गोल येते. नुसतं लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी बघा. तिसरीत सगळं जागेवर. कडेला थोडं मऊ, पण मधोमध दगडाचे सांधे वेगळे दिसत होते आणि त्यांतल्या एका सांध्यात बसलेली कबुतरं मोजता आली. पाच. मग खिशातून पट्टी आणि ट्रेसिंग पेपर काढला. तेव्हा तो मुलगा म्हणाला, "आंटी, इतना तो लोग रिश्ते में लड़का भी नहीं देखते." मी म्हटलं, "बेटा, लड़का वापस नहीं होता, इसलिए नहीं देखते."

18,400 रुपये, पक्कं बिल, वॉरंटी कार्डावर शिक्का. पैशानं जड गेली, खोटं कशाला बोलू. पेन्शनीत दुर्बीण बसवायला दोन महिने सोनाराची भिशी चुकवली.

डिसेंबरात भाचा आला आणि दोन्ही दुर्बिणी घेऊन आम्ही चंबळला गेलो. मुरैनाच्या पुढे राजघाट, धौलपूरच्या पुलाजवळ. सकाळी सात वाजता पोचलो आणि दहापर्यंत गजक खात बसलो, कारण धुकं. हे लिहून ठेवा : कितीही महागडी दुर्बीण धुक्यातून पलीकडचं दाखवत नाही, धुकं मोठं करून दाखवते. आत नायट्रोजन भरलेला असला की आतून वाफ धरत नाही हे खरं. पण गरम चहाचा पेला तोंडाशी आणि भिंग त्याच्यावर, की बाहेरून धरणारच. माझी शाल त्यासाठीच खराब झाली.

ऊन पडलं, नाव निघाली. वाळूच्या दांड्यावर घडियाल, म्हणजे लांब अरुंद तोंडाच्या सुसरी, पडले होते, सात-आठ, ओंडक्यांसारखे. भाच्यानं 10 ची डोळ्याला लावली आणि त्याच्या तोंडून "अरेच्चा" निघालं. नाव डुलत होती, हात डुलत होते, आणि दहा पटीत घडियाल पाळण्यात बसल्यासारखे वरखाली. तिपाई गाडीत राहिली होती, आणि नावेत लावून उपयोगही नव्हता. मी माझी त्याच्या हातात दिली. दोनच पटींचा फरक, पण त्याशिवाय माझीत हजार मीटरवर 131 मीटर रुंदीचा पट्टा दिसतो आणि त्याचीत 110. जनावर चौकटीबाहेर सटकलं तरी लगेच परत सापडतं. नावाड्यानं इंजिन बंद केलं. मग सगळ्यात टोकाला पडलेल्या एकाच्या नाकपुडीवर मडक्यासारखा फुगवटा दिसला, ज्याच्यावरून या जनावराला घडियाल नाव पडलं तो घडा. म्हणजे नर, आणि वयात आलेला. भाचा दुर्बीण न काढता म्हणाला, "मावशी, तिकडे टोकं मोजतो, इथे घडा. काम तेच." थोड्या वेळानं त्यानं स्वतःची दुर्बीण बॅगेतच टाकली आणि दुपारपर्यंत माझी मला परत मिळाली नाही. परत मिळाली तेव्हा पाणचिऱ्यांचा थवा पाण्यावरून जाताना दिसला, केशरी चोच, खालची वरच्यापेक्षा लांब, आणि ते दोन लांबीतलं अंतर मला स्वच्छ दिसलं. त्या एका क्षणाला मी तेली का मंदिराच्या पाच कबुतरांइतकेच गुण देते.

तक्रारी आहेत. पुढच्या भिंगांची रबरी टोपणं सैल आहेत. एक त्याच दिवशी चंबळला अर्पण झालं. थंडीत फोकसचं चाक जड फिरतं, लोकरीचे हातमोजे घातले तर फिरतच नाही. 680 ग्रॅम वजन खोक्यात काही वाटत नाही, पण सोबतच्या पट्ट्यानं तीन तासांत मान धरली. भाच्यानं त्याचा खांद्यांवरून पाठीमागे जाणारा इलॅस्टिकचा पट्टा मला देऊन टाकला, त्यात वजन मानेवर येत नाही. ओढणी मात्र आतून घ्यायची, नाहीतर ऐन पक्ष्याच्या वेळी गळफास बसतो. आणि उजव्या भिंगाचं वेगळं कडं, ज्यानं दोन डोळ्यांतला फरक जुळवायचा, ते कुणाच्याही हातात गेलं की फिरतं. पुष्कळ जण ते कशासाठी असतं हे न कळताच दुर्बीण वाईट म्हणतात. उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्याचं फोकस करायचं, मग डावा मिटून उजवं कडं फिरवायचं, बस. माझी जागा मी नेलपॉलिशचा ठिपका देऊन पक्की केली आहे. मैत्रिणींनी खुशाल फिरवावं.

आता ती स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट राहते. आजोबांच्या कातड्याच्या पेटीत तिला ठेवायची बहिणीची सूचना मी नाकारली. आजोबांची भाचा घेऊन गेला. तिकडे जुन्या दुर्बिणी साफ करणारा एक म्हातारा त्याला माहीत आहे म्हणे. मी फक्त एवढंच सांगितलं की साफ झाली तरी ती शिकारीला न्यायची नाही, हिशेबनीसाची आहे ती.

बाड्यावरची लाल भिंगांची 20 बाय 50 शेजारच्या चौथीतल्या मुलाला देऊन टाकली. तो रोज संध्याकाळी गच्चीत तिच्यातून पतंग बघतो. दोन दोन पतंग दिसतात अशी तक्रार घेऊन आला होता, तर त्याला म्हटलं एक डोळा मीट. तेव्हापासून खूश आहे.